प्लॅन तू ठरव, मग बजेटही तुझंच

प्रश्न: ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची, मूळची साताऱ्याची, सप्टेंबरपासून माद्रिदला मास्टर्स करतेय. आमचा सात जणांचा ग्रुप आहे, दोघी मेक्सिकोच्या, एक कोलंबियाचा, एक पेरूची, एक इटालियन, एक पुण्याचा मुलगा आणि मी. आल्यापासून जवळजवळ दर वीकेंडला कुठलं ना कुठलं शहर चालूच आहे. तोलेदो झालं, सेगोव्हिया झालं, सालामांका झालं, बार्सिलोना तर रात्रीच्या बसने जाऊन रात्रीच्याच बसने परत. मजा येते, नाही असं नाही, पण सोमवारी मी अर्धमेली असते. एज्युकेशन लोनवर आलेय, लहान मुलांना इंग्लिश शिकवून थोडे पैसे मिळतात ते सगळे बस आणि हॉस्टेलात जातात. मी व्हेज, दारू पीत नाही, तरी बिल सगळ्यांना सारखं. स्पॅनिश अजून कच्चं आहे, सगळे भरभर बोलायला लागले की मी नुसती हसत बसते. मध्ये एकदा नाही म्हणाले तर त्यापुढचा प्लॅन मला थेट शुक्रवारी रात्री कळला. आईने स्टोरी बघितली की तिचं ठरलेलं वाक्य, शिकायला गेलीस की फिरायला. आता डिसेंबरच्या लाँग वीकेंडला ग्रनादा चाललंय आणि त्यानंतर लिस्बन. मी सरळ जाणंच बंद करू का? — दमलेली सातारकर

उत्तर: अगं, बंद नको करूस. पण आत्ता जातेयस तशीही जाऊ नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि एवढ्या सगळ्या शहरांत एकही ट्रिप तू ठरवलेली नाहीये. दुसरं कुणीतरी शहर काढतं, दुसरं कुणीतरी बस बुक करतं, जेवायची जागाही त्यांचीच, आणि तू मागून पैसे पाठवतेस. आपल्याकडे ट्रेकला कसं असतं, जो लीडर तो कॉन्ट्री ठरवतो, एसटीने जायचं की जीप करायची, पिठलं-भाकरी गावात खायची की डबे न्यायचे, सगळं त्याच्या खिशाच्या हिशोबाने होतं आणि बाकीचे मुकाट्याने येतात. इथेही तेच आहे गं. तुझ्या ग्रुपमध्ये कुणी वाईट नाहीये, त्यांच्या खिशाच्या आणि झोपेच्या हिशोबाने प्लॅन होतायत एवढंच. म्हणून माझा सल्ला असा की महिन्यातल्या दोन ट्रिप सोडायच्या, एकीला त्यांच्याबरोबर जायचं, आणि एक तू काढायची.

तू काढायची ती कुठे, ते सांगते. तुझ्याकडे माद्रिदचा तरुणांचा अबोनो, म्हणजे प्रवासाचा महिन्याचा पास, असणारच, २६ वर्षांखालच्यांना मिळतो तो, मूळ दर महिन्याला २० युरो आणि सवलत चालू असली तर त्याहून कमी. बहुतेक मुलं तो फक्त मेट्रोसाठी वापरतात, अगं तो अख्ख्या माद्रिद प्रांतात चालतो, लोकल ट्रेनला पण आणि गावोगावच्या हिरव्या बसला पण. म्हणजे अल्काला दे एनारेस, आरानहुएस, एल एस्कोरियाल, चिंचोन ही सगळी गावं तुला तिकिटाला एक सेंटही न घालता होतात. आणि यातली पहिली तीन युनेस्कोच्या यादीत आहेत बरं का, उगाच टाइमपासची गावं नाहीत ही.

सुरुवात अल्कालापासून कर. आतोचा स्टेशनहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोचता. ‘डॉन किहोते’ लिहिणारा सर्व्हांटेस १५४७ मध्ये तिथे जन्मला, त्याच्या जन्मघराचं म्युझियम फुकट आहे (सोमवारी बंद असतं, तेवढं बघ), मेन रस्ता खांबांच्या ओसरीखालून जातो त्यामुळे पाऊस आला तरी फिरता येतं, आणि चर्चच्या मनोऱ्यांवर, जुन्या भिंतींवर करकोच्यांची भलीमोठी घरटी दिसतात. पण मी तुला तिथे पाठवतेय ते जेवणासाठी. अल्कालात बऱ्याच बारमध्ये ड्रिंक मागवलं की त्याबरोबर एक तापा, म्हणजे खाण्याची छोटी प्लेट, फुकट, आणि तोही लिस्टमधून तुझा तू निवडायचा. तू एक मोस्तो घे, द्राक्षाचा रस असतो तो, त्यात दारू नसते पण बारमध्ये ग्लास हातात असला की कुणी विचारत नाही, आणि बरोबर पातातास ब्राव्हास सांग, तिखटसर सॉसमधले तळलेले बटाटे. अंडं खात असशील तर तोर्तिया, बटाट्याचं जाड ऑम्लेट. दोन बार झाले की पोट भरतं आणि खर्च सात-आठ युरोंच्या वर जात नाही. तुझ्या मेक्सिकोच्या मैत्रिणींनाही हे आवडेल बघ, पैसे त्यांनाही पुरत नसतात, फक्त बोलायला कुणी पहिलं तयार नसतं.

आता बिल. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण तू पत्रात ते एका ओळीत उरकलंयस आणि तुझी खरी चिडचिड तीच असावी असं मला वाटतं.

सेगोव्हियात काय झालं असेल ते मीच सांगते. तिथलं फेमस काय, तर भाजलेलं पिल्लू डुक्कर, कोचिनियो, इतकं मऊ की ताटाच्या कडेने कापून दाखवतात. ग्रुपने ते मागवलं असणार, सगळ्यांनी व्हिडिओ काढले असणार, आणि तू मेन्यूत शोधून शोधून खुदियोनेस मागवलं असशील, मोठे पांढरे वालासारखे दाणे, म्हटलं चला कडधान्य आहे. आणि ते आलं तेव्हा त्यात चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, तुकडे तरंगत असणार. मग तू ब्रेड आणि सॅलड खाल्लंस, त्या सॅलडवरही ट्यूना होता तो बाजूला केलास, आणि शेवटी बिल भागिले सात. बरोबर ना?

तर दोन गोष्टी. पहिली, ऑर्डर करताना नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही. स्पेनमध्ये खूप जणांच्या हिशोबात हॅम आणि ट्यूना म्हणजे मांस नाहीच, ते चवीपुरतं असतं. सरळ नावं घेऊन सांगायचं, नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून (मांस नको, मासे नको, हॅम नको, ट्यूना नको), आणि मग वेटर काय सुचवतो ते ऐकायचं. डाळ दिसली की खूश व्हायचं नाही, लेंतेखासमध्ये, म्हणजे मसुरात, बहुतेक वेळा चोरिसो असतो. सालमोरेखो हे थंड टोमॅटोचं सूप असतं पण वरून हॅम पेरतात, आधीच नको सांग. क्रोकेतासच्या आत काय आहे विचारल्याशिवाय हात लावू नकोस. बिनधास्त मागवायचं तर पिस्तो (टोमॅटो-ढोबळी मिरचीची परतलेली भाजी), पिमिएंतोस दे पाद्रोन (तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या), दक्षिणेत गेलात तर वांग्याचे तळलेले काप वर काकवीसारखा उसाचा पाक घालून देतात ते. पिस्तोवर अंडं फोडून देतात कधी कधी, चालत नसेल तर तेही सांग. आणि एक, जे स्वस्त मेनू देल दिया, म्हणजे ठरावीक दरातलं दुपारचं जेवण, तू कॉलेजजवळ खातेस ते बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवारच असतं, वीकेंडला त्याच जेवणाचे जास्त पैसे, म्हणून टुरिस्ट गावात शनिवारी दुपारी बसून जेवणं ही सगळ्यात महाग चैन आहे. सुपरमार्केट रविवारी बऱ्याच ठिकाणी बंद, तेव्हा ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं शनिवारीच घेऊन ठेव.

दुसरी गोष्ट पैशांची. टीटीएमएम म्हणायला सोपं आहे पण स्पेनमधल्या गर्दीच्या बारमध्ये सात जणांची सात बिलं मागितली तर वेटर तुमच्याकडे असा बघेल की परत त्या बारमध्ये जायची इच्छा होणार नाही. म्हणून इथले लोक काय करतात, तर बोते काढतात, म्हणजे सुरुवातीलाच प्रत्येकाने दहा-वीस युरो एकाच्या हातात द्यायचे आणि तो सगळीकडे पैसे देत जातो. पद्धत चांगली आहे, फक्त तू एक बदल सुचव, खाण्याचा बोते वेगळा आणि पिण्याचा वेगळा. तू पिण्याच्या बोतेत नाहीस, तुझा मोस्तो तू देशील. हे कुणाला खटकत नाही, खरंच नाही, कारण यात कुणाचा हिशोब काढलेला नसतो. तू बिल आल्यावर मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर उघडून बसलीस तर मात्र खटकतं, मराठी ग्रुपमध्येही खटकतं. आणि ज्या ट्रिपला बोते नाही तिथे एकाने सगळं भरायचं, स्प्लिटवाइज ॲपमध्ये कुणी काय घेतलं ते त्याच दिवशी टाकायचं, घरी आल्यावर बिझुमने पैसे पाठवायचे. बिझुमला इथलं बँक अकाउंट लागतं, नसेल उघडलं तर ते आधी कर.

नाही कसं म्हणायचं हे तू विचारलं नाहीस पण खरा प्रश्न तोच आहे. तू नाही म्हणतेस शुक्रवारी, लाजत लाजत, कारणं देऊन, पोटात दुखतंय, सबमिशन आहे. तोपर्यंत त्यांनी सात जणांचं हॉस्टेल धरलेलं असतं, मग कुणीतरी चिडतं, आणि पुढच्या वेळी तुला उशिरा कळवतात, कारण त्यांना वाटतं ही नक्की नसते. मंगळवारीच सांग. आणि नुसतं नाही असं पाठवू नकोस, त्याच मेसेजमध्ये पुढचं टाक: या शनिवारी मी नाही, पैसे संपलेत, पुढच्या रविवारी अल्कालाला कोण येतंय, दहा वीसची लोकल. पैसे संपलेत हे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांमध्ये सांगायला अजिबात लाज वाटत नाही कुणाला, महिनाअखेरीला सगळेच रडतात. आपल्यालाच ते जिभेवर येत नाही, घरी शिकवलेलं असतं ना. आणि तो पुण्याचा मुलगा, जो नक्की म्हणत असणार की अगं आयुष्यात एकदाच, त्याला विचार त्याचं लोन आहे का. नसेल तर त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं बरोबर आहे.

लोकलची वेळ मात्र टाकच. भेटूया सकाळी असं लिहिलंस तर अकरा वाजता निम्मे जण आंघोळीला जात असतील.

दमणुकीचं म्हणशील तर तुझा दोष नाही, रात्रीच्या बसचा आहे. माद्रिद ते बार्सिलोना रस्त्याने सहाशेच्या वर किलोमीटर आहे, बस सात-आठ तास घेते, हायस्पीड ट्रेन अडीच-तीन तास. २०२१ पासून या मार्गावर स्वस्त गाड्या सुरू झाल्या, विगो आली, पुढच्या वर्षी इर्यो आली, त्यामुळे लवकर बुक केलं तर कधी कधी ट्रेन बसच्याच भावात पडते. शुक्रवारी रात्री बुक करणाऱ्यांना ते भाव दिसत नाहीत हे वेगळं सांगायला नको. एक नियम करून टाक, एका बाजूला रात्रीची बस चालेल, दोन्ही बाजूंना नाही. आणि रविवारी रात्री बाराला घरी पोचणारा कुठलाही प्लॅन हा सोमवारचा लेक्चर खाणारा प्लॅन आहे, तो तू घ्यायचा नाहीस.

बघणं या विषयावर थोडं, कारण तू लिहिलंस तोलेदो झालं. झालं म्हणजे काय गं? नदीपलीकडून फोटो काढला, गल्ल्यांतून चाललात, मार्झिपान खाल्लं आणि परत, हो ना? तोलेदोत सांतो तोमे नावाच्या छोट्या चर्चमध्ये एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ मध्ये काढलेलं काउंट ऑर्गाझच्या दफनाचं चित्र आहे, ज्या चर्चसाठी काढलं तिथेच अजून आहे, खाली काळ्या कपड्यांतले लोक रांगेने उभे आणि वर सगळा स्वर्ग उघडलेला. चार पैशांचं तिकीट आहे म्हणून सात जणांचा ग्रुप बाहेरूनच पुढे जातो, सातातल्या पाचांना नकोच असतं. मग सातही जणांनी का एकत्र फिरायचं? प्रत्येक शहरात दोन तास वेगळं व्हायचं. बारा ते दोन ज्याने त्याने आपलं बघायचं, दोनला चौकात भेटायचं. तू चित्र बघ, ते बिअर पितील, भेटल्यावर दोघांकडे बोलायला काहीतरी असेल. हे एकदा सुचवून बघ, मला वाटतं निम्मा ग्रुप मनातून याचीच वाट बघत असेल.

स्पॅनिशसाठी वेगळा क्लास लाव असं मी म्हणणार नाही, तुला वेळ कुठाय. पण सात जणांच्या टेबलावर कुणाचीच भाषा सुधारत नाही, तिथे एकाच वेळी चार जण बोलत असतात आणि जोक समजेपर्यंत पुढचा आलेला असतो. बसमध्ये शेजारी कोण ते ठरवून बस. पेरूच्या मुलीशेजारी बस, म्हण की आज दीड तास फक्त स्पॅनिश आणि माझं चुकलं की सांग. समोर एकच माणूस असला की तो थांबतो, परत सांगतो, हळू बोलतो. हाच बसप्रवासाचा खरा फायदा आहे, बाकी बाहेर नुसतं सपाट कास्तिया दिसतं.

आईचं सांगते. आई स्टोरी बघून बोलते कारण तिला ती ट्रिप स्टोरीतूनच कळते. चार गल्ल्या, हसणारे चेहरे, टेबलावर ग्लास, आणि तिकडे तिच्या डोक्यात युरो शंभरीच्या आसपास आणि लोनचा हप्ता. आधी सांग. गुरुवारच्या फोनवर, की रविवारी इथे चाललोय, जायला पासमध्येच होतं, जेवण आठ युरो, रात्री आठला घरी. पोचल्यावर एक फोन. दोन-तीनदा असं झालं की ती स्वतःच विचारेल पुढच्या वेळी कुठे. तरी कधीतरी ते वाक्य येईलच, आई आहे ती, सोडून दे.

आणि दर रविवारी कुठे जायलाच हवं असं नाही, तू माद्रिदमध्ये राहतेस! प्रादो म्युझियममध्ये १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना प्रवेश फुकट आहे, राइना सोफियातही, फक्त आयकार्ड ने, आणि राइना सोफिया मंगळवारी बंद असतं. रविवारी दुपारी झोप काढून संध्याकाळी तासभर प्रादोत एकच दालन बघून यायचं, याला काय लागतं? वय वाढलं की तेच तिकीट विकत घ्यावं लागणार आहे.

आता तुझे डिसेंबरचे दोन प्लॅन. लिस्बनला आत्ता नाही म्हण. सप्टेंबरमध्ये आलीस म्हणजे तुझं परदेशी नागरिकांचं ओळखपत्र बहुतेक अजून हातात नसेल, अर्जाची पावती असेल. त्या पावतीवर स्पेनमध्ये राहायला काही अडचण नाही, पण व्हिसाची तारीख उलटून गेली असेल तर नुसत्या पावतीवर सीमा ओलांडायला जाऊ नकोस, बसमध्ये कधीही चेकिंग होऊ शकतं. कार्ड आलं की वसंतात लिस्बन अजून छान असतं.

ग्रनादाला मात्र जा. ही महिन्यातली त्यांच्याबरोबरची ट्रिप धर आणि अल्काला सोडून बाकी वीकेंड रिकामे ठेव, म्हणजे पैसे जमतात. फक्त क्रम बदलायला लाव. ६ आणि ८ डिसेंबर दोन्ही सुट्ट्या, त्यामुळे अख्खं स्पेन बाहेर पडलेलं असतं, आणि तुमचा ग्रुप आधी हॉस्टेल बुक करेल, मग बस, आणि अलहाम्ब्रा, म्हणजे तिथला जुना किल्ला आणि महाल, शेवटी, तेव्हा तिकिटं संपलेली असतील. आज रात्रीच बघ. तिकीट नावावर निघतं, पासपोर्ट नंबर टाकावा लागतो आणि ओरिजिनल बरोबर न्यायचा, आणि अलहाम्ब्रातल्या नासरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत घेत नाहीत, मग कितीही गयावया करा. सात तिकिटं मिळाली तरच हॉस्टेल. नाहीच मिळाली तर फुकटात न्यायाचा दरवाजा आणि पाचव्या कार्लोसचा महाल बघता येतो, पण नुसतं तेवढ्यासाठी लाँग वीकेंडच्या भावाने जाऊ नये असं माझं मत, मग फेब्रुवारीत जा.

माद्रिदच्या साउथ बस स्टेशनवरून बस आहे, पाच तासांच्या आसपास, दिवसाची घ्या. ग्रनादातही ड्रिंकबरोबर तापा फुकट, पण तिथे बऱ्याचदा बारवालाच ठरवतो काय द्यायचं, म्हणून ग्लास मागवतानाच सांग की मांस-मासे नको. आणि जाड जॅकेट ने, वर सिएरा नेव्हादावर बर्फ असतो आणि संध्याकाळी आल्बायसिन या जुन्या वस्तीच्या चढावर वारा असा झोंबतो की साताऱ्याची थंडी बरी म्हणशील. तिकिटांचं तू हातात घे, म्हणजे ग्रुपवर पहिल्यांदाच प्लॅन तुझ्याकडून जाईल.